उजवं आल्ट आणि इंगळे सर

सुरुवातीलाच माफी मागते. इंगळे सरांवर लिहिण्याइतकं माझं वय नाही आणि लिहिण्याची सवयही नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. आजवर अर्ज, प्रॅक्टिकलच्या वह्या आणि परीक्षेची उत्तरं, एवढंच लिहिलं आहे. मेहकरात सरांकडे टायपिंग शिकून नोकरीला लागलेली माणसं पुष्कळ आहेत. त्यांनी सरांना वीस-वीस वर्षं पाहिलं, मी जेमतेम दीड वर्ष. कॉलेजच्या वार्षिकांकासाठी कोणावर तरी लिही असं मॅडम म्हणाल्या तेव्हा मी दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा हो म्हटलं, कारण माझ्या लक्षात आलं की कोणावरही लिहिलं तरी मी ते ज्या रीतीने टाइप करणार ती रीत सरांचीच आहे. मग त्यांच्यावरच का नाही. चुकलं तर मोठ्यांनी सांभाळून घ्यावं.

एक गोष्ट आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजेल. माझा डावा हात कोपरापासून नाही. पाचवीत असताना कडबा कुट्टीच्या यंत्रात गेला. त्याबद्दल इथे आणखी काही लिहायचं नाही.

सरांची टायपिंगची संस्था मेहकरच्या बसस्टँडच्या मागे होती, बी-बियाण्याच्या दुकानावर, लोखंडी जिन्याने वर गेलं की. सहा कॉम्प्युटर, कोपऱ्यात प्लास्टिकखाली झाकलेली दोन जुनी टाइपरायटरं, आणि खालच्या दुकानातून सतत येणारा खताचा वास. संस्था सरांच्या मालकीची नव्हती, ते तिथे शिकवत. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला दोन पेन, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. सरांसाठी एक खुर्ची होती, पण त्या खुर्चीवर मी सरांना कधी बसलेलं पाहिलं नाही. ते आमच्या पाठीमागून फेऱ्या मारत. या टोकापासून त्या टोकापर्यंत, पुन्हा परत. बुटांचा आवाज थांबला की समजायचं, आपल्याच मागे उभे आहेत आणि आपण बटणांकडे बघतो आहोत.

“खाली काय पाह्यतं? खाली काय सोनं सांडलं का?”

ते कोणालाही नावाने हाक मारत नसत. ज्याचा जो कॉम्प्युटर तो त्याचा नंबर. एकाच कॉम्प्युटरवर सकाळी एक आणि दुपारी दुसरा बसे, म्हणून मी ‘चार नंबर दुपार’ होते. ‘चार नंबर सकाळ’ म्हणजे पाठक काका, टपाल खात्यातून निवृत्त झालेले. वडिलांच्या हस्तलिखित वहीतली स्तोत्रं टाइप करून ठेवायची म्हणून सत्तरीत शिकायला आले होते. सर त्यांनाही ‘खाली पाहू नका’ म्हणत, फक्त ‘नका’ म्हणत एवढाच फरक.

सरांची सगळ्यात विचित्र सवय म्हणजे त्यांची बोटं. कोणी बोलत असलं की ते ऐकता ऐकता सरांची बोटं ते वाक्य टाइप करत. पँटच्या शिवणीवर, चहाच्या पेल्यावर, बसच्या दांडीवर. दहाही बोटं. पहिल्यांदा मला वाटलं त्यांना काही आजार आहे. नंतर मी बोटांवरून ओळखू लागले की समोरच्याचं बोलणं त्यांना पटतं आहे की नाही. पटलं नाही की बोटं मध्येच थांबत. त्यांना स्वतःला याचा पत्ता नसावा.

ते सुलतानपूरला राहत आणि मी बीबीजवळच्या गावाहून येत असे, म्हणून संध्याकाळची बस आमची एकच. आमच्याकडे बस लागली की लोक खिडकीतून रुमाल, दस्ती, पिशवी, काहीही सीटवर टाकतात आणि जागा धरतात. मग दारातून चढायला निवांत येतात, कधी येतही नाहीत. सर रुमाल असलेल्या सीटवर कधी बसत नसत. गाडी गच्च भरलेली, एका सीटवर कोणाचा तरी मळका रुमाल, आणि शेजारी सर उभे. कंडक्टर त्यांना ओळखत होता.

“बसा ना सर. रुमालवाला काही येत नाई आता.”

“रुमाल हाय ना?”

“रुमालाले काय पाय दुखतात का सर? तुमचे दुखत असतीन.”

सगळी गाडी हसली. सरही हसले, पण बसले नाहीत. सुलतानपूर आलं, सर उतरले, आणि तो रुमाल तसाच पुढे गेला. मला त्या वेळी वाटलं की हा माणूस जरा जास्तच करतो. अजूनही कधी कधी वाटतं.

मला तिथे काय हवं होतं ते सांगते. मिनिटाला तीस शब्दांचं मराठी टायपिंगचं प्रमाणपत्र. ते नसेल तर लिपिकाच्या जागेचा अर्जसुद्धा भरता येत नाही. शेतातलं कोणतंच काम मला पूर्ण जमत नाही, आणि घरात ते कोणी बोलून दाखवत नाही. बोलून दाखवलं असतं तर बरं झालं असतं. म्हणून मला ते तीस शब्द हवे होते.

पहिल्या दिवशी सरांनी माझ्याकडे पाहिलं, मग कीबोर्डकडे पाहिलं, मग खिडकीपर्यंत जाऊन परत आले. आम्ही शिकतो त्या मराठी कीबोर्डवर काना, मात्रा, वेलांटी, उकार हे सगळे डाव्या हाताकडे असतात आणि बहुतेक अक्षरं उजव्या हाताकडे.

“म्हंजे तुह्याजवळ क हाय, त हाय, प हाय, र हाय,” सर म्हणाले. “काना-मात्रा नाई.”

“मी उजवा हात तिकडे नेते ना सर.”

“ने बरं. दाखव.”

मी दाखवलं. उजवा हात इकडून तिकडे पळवत मी मिनिटाला बारा शब्द काढले. सर घड्याळाकडे बघत होते.

“हे टायपिंग नाई माय. ही धावपळ हाय,” ते म्हणाले. “हात न्यायचा नाई. काना-मात्रालेच इकडं बलावू.”

दुसऱ्या दिवशी ते दोनशे पानी वही घेऊन आले. युक्ती साधी होती. एखादं बटण धरून दुसरं दाबलं की वेगळंच काम होतं, त्याला शॉर्टकट म्हणतात. तसे नवे शॉर्टकट उजव्या हाताकडे बसवायचे आणि त्यातून काना-मात्रा काढायच्या. मला वाटलं, दोन दिवसांचं काम. पण सरांनी वहीत दोन रकाने आखले. एका रकान्यावर लिहिलं ‘बटण’, दुसऱ्यावर ‘कोणाचं’.

“कंट्रोल-पी छापायचं. कंट्रोल-एन नवं पान. कंट्रोल-ओ उघडायचं. कंट्रोल-एल मजकूर डावीकडं न्यायचं. कंट्रोल-एच शोधून बदलायचं.” सर फेऱ्या मारत सांगत आणि मी लिहीत असे. चार दिवसांत कळलं की कंट्रोलबरोबर उजव्या हाताचं एकही अक्षर मोकळं नाही. सगळ्या जागा आधीच कोणीतरी धरलेल्या.

“सर, कंट्रोल-एल इथं कोणीच वापरत नाही. ते घेऊ.”

“काऊन घेऊ? ते कोनाचं तरी हाय.”

“पण रिकामंच पडलेलं असतं.”

“रिकामं दिसते म्हनून रिकामं नसते,” सर म्हणाले. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून शंभरदा ऐकलं असेल.

शेवटी सरांनी बाणांची बटणं निवडली. उजवीकडे खाली कंट्रोल, आल्ट आणि बाण शेजारी शेजारी असतात, एका हाताच्या पंजात मावतात. शॉर्टकट बसवायची जी चौकट उघडते तिच्यात बटणं दाबली की खाली बारीक ओळ येते, हे सध्या कोणाकडे आहे म्हणून. सरांनी ती ओळ चष्मा पुसून तीनदा वाचली. कोणाकडेच नव्हतं. कंट्रोल, आल्ट आणि खालचा बाण म्हणजे काना, असं ठरलं.

दुपारी एक पाहुणे लग्नपत्रिकेचा मजकूर घेऊन आले. सर म्हणाले, याच्यावरच करून पाहू. स्वतः उभ्यानेच एका हाताने टाइप करू लागले. नजर समोरच्या कागदावर. पहिला काना आला आणि पडदा उलटा झाला. सगळा मजकूर डोकं खाली, पाय वर.

“सर, उलटं झालं!” पाहुणे ओरडले.

“काय उलटं झालं?”

“सगळंच! नवरदेव खाली डोकं करून उभा हाय!”

“तुमी वाचू नका. मी सुलटंच लिहून राह्यलो,” सर म्हणाले आणि कागदावरून नजर न हलवता पत्रिका पूर्ण केली. छापून निघाली तेव्हा मजकूर सरळ होता, फक्त काना एकही नव्हता.

पुढचं मी कोणाला सांगितलं तर पटत नाही. दोन दिवस तो मॉनिटर आम्ही उलटा करून दोन विटांच्या आधाराने ठेवला आणि तसंच काम केलं. कोणीतरी म्हणालं, सगळे बाण दाबून पाहू, कोणत्या तरी बाणाने सरळ होईल. सरांनी हात लावू दिला नाही. हे कोणाचं आहे ते कळेपर्यंत दाबायचं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनीच शोधून काढलं की पडदा फिरवायचं काम दुसऱ्याच एका प्रोग्रामकडे होतं. आमच्या चौकटीला ते माहीतच नव्हतं.

“तिले फक्त तिच्या घरचं माहीत,” सर म्हणाले. “शेजारच्या घरीबी इचारा लागते.” आणि त्यांनी वहीत तिसरा रकाना आखला, ‘शेजारचं’.

त्यात आणखी एक गोष्ट समोर आली. परीक्षेचा प्रोग्राम वेगळाच असतो, आमचे शॉर्टकट तिथे चाललेच नसते. पडदा उलटा झाला नसता तर हे परीक्षेच्या दिवशी कळलं असतं. म्हणून सरांनी पूर्ण कीबोर्डचीच एक फाईल करायला घेतली. ती कॉम्प्युटरमध्ये घातली की कोणत्याही प्रोग्राममध्ये आमचीच रीत चालणार. उजवं आल्ट अंगठ्याने धरायचं आणि बाकीच्या बोटांनी काना-मात्रा घ्यायच्या.

पण कोणती मात्रा कोणत्या बोटाला, हे दोन हातांच्या माणसाला कसं कळणार? सर अस्वस्थ झाले. एका सकाळी ते डावा हात पाठीमागे घेऊन, दस्तीने पट्ट्याला बांधून आले. दिवसभर तसेच. चहा तसाच, खडूने फळ्यावर लिहिणं तसंच, बसमध्ये दांडी धरणंही तसंच. मी म्हटलं, सर, सोडा ना, लोक बघतात.

“पाहू दे. उजवा अंगठा दुखून राह्यला. म्हंजे तुहाबी दुखन. आता वेलांटी जवळ आनाव लागन.”

सुलतानपुरात बातमी सरांच्या आधी पोचली की इंगळे सरांवरून वारं गेलं, डावा हात गेला. घरी चार माणसं जमली. कोणी मोसंब्या घेऊन आलं होतं. हे मला सरांच्या पत्नीने, म्हणजे काकूंनीच, नंतर सांगितलं. काकू रडत दारात आल्या तर सर बूट काढत होते, एका हाताने. काकूंनी पाठीमागे पाहिलं आणि दस्ती ओढली.

“दोन हाताचा धडधाकट मानूस, अन् हे सोंग कशाले घेतलं म्हनते मी?”

“सोंग नाई. माहिती घेऊन राह्यलो.”

“मंग त्या लोकाइले सांगा माहिती! मी काय सांगू?”

सरांनी त्या चौघांना बसवलं, मोसंब्या सोलून दिल्या आणि कीबोर्डवर काना कुठे असतो ते समजावून सांगितलं. काकू म्हणाल्या, पुन्हा कोणी आजारपणाला भेटायला येणार नाही आमच्याकडे.

तीन आठवडे ते असेच बांधलेल्या हाताने वावरले. माझा वेग बाराचा एकोणीस झाला, मग चोवीस. चोवीसवर अडकला. अडवत होतं एक चिन्ह. जोडाक्षरासाठी अक्षराचा पाय मोडावा लागतो, ते पाय मोडायचं बटण. ते दर ओळीत सात-आठ वेळा लागतं आणि सरांनी ते दूर वरच्या रांगेत ठेवलं होतं. जवळची एकच जागा उरली होती, खालच्या ओळीत. पण उजव्या आल्टबरोबर तिथे आधीपासून ‘ऽ’ हे वाकडं चिन्ह होतं, संस्कृतात लागतं ते.

“सर, ते घेऊ. आपल्या तालुक्यात कोण वापरतं ते?”

“तुले नाई लागत. म्हनून ते कोनाचंच नाई का?”

“परीक्षा दीड महिन्यावर आली सर! आणि फाईल माझीच आहे ना?”

“फाईल तुही. कॉम्प्युटर तुहा एकटीचा नाई. चुकून चालू राह्यली तं?”

मी चिडून काहीतरी बोलले. काय बोलले ते लिहीत नाही, मला त्याची लाज वाटते. सरांच्या बोटांनी ते पँटवर टाइप केलं नाही, एवढं आठवतं. ते खिडकीपर्यंत गेले आणि तिकडेच तोंड करून उभे राहिले.

“माह्या बापाले लोकाईनं लई वेळा उठवलं,” ते म्हणाले. “पंगतीतून उठवलं. गाडीतून उठवलं. मले शाळेतून घ्यायले आलता तं पायरीवरून उठवलं, माह्यासमोर. उठनाऱ्याचं तोंड कसं होते ते मी पाह्यलेलं हाय. मी कोनाले उठवनार नाई. चिन्हालेबी नाई.”

हे मी ऐकलं. समजलंही असावं. तरीसुद्धा दोन दिवसांनी, सर खाली चहाला गेले असताना, मी माझ्या फाईलमध्ये पाय मोडायचं चिन्ह त्या जागेवर आणून बसवलं. वेग सत्तावीस आला. बस चुकेल म्हणून मी तशीच उठले, आणि फाईल चालूच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाठक काका चार नंबरवर बसले. ते सरांचेच विद्यार्थी, त्यामुळे खाली बघत नव्हते, पडद्याकडेही बघत नव्हते. वडिलांच्या वहीकडे बघत होते. अकरा पानं झाल्यावर त्यांनी मान वर केली. जिथे जिथे ‘ऽ’ हवा तिथे तिथे अक्षरांचे पाय मोडलेले, शब्द एकमेकांत घुसलेले.

दुपारी मी आले तेव्हा सरांच्या बुटांचा आवाज बंद होता. ते चार नंबरच्या खुर्चीमागे उभे होते. ओरडतील असं वाटलं. ओरडले नाहीत.

“चार नंबर सकाळ खाली दुकानात बसलेले हाय. त्याइले तू सांगशीन. मी नाई सांगनार.”

लोखंडी जिना उतरायला मला किती वेळ लागला ते मी सांगू शकत नाही. पाठक काका बियाण्यांच्या पोत्यांजवळ स्टुलावर बसले होते, वही मांडीवर. मी सगळं सांगितलं, जिन्यावर ठरवलं होतं त्याहून जास्तच सांगितलं. काका बराच वेळ माझ्या रिकाम्या बाहीकडे नाही, तर उजव्या हाताकडे बघत राहिले.

“अगं, मला विचारलं असतंस तर तेव्हाच दिलं असतं,” ते म्हणाले. “मला ते पानात दोनदा-तीनदा लागतं. तुला ओळीत आठदा. मी वरच्या रांगेत जाऊन बसतो, मला कुठे परीक्षा द्यायची आहे?”

मी वर जाऊन सरांना हे जसंच्या तसं सांगितलं. सरांची दहाही बोटं चालली, वाक्य संपेपर्यंत. मग ते म्हणाले, “पुन्हा सांग.” मी पुन्हा सांगितलं.

“मागता येते,” ते स्वतःशीच बोलल्यासारखं बोलले. “कोनाचं हाय ते मी जन्मभर इचारलं. पन ‘देता का’ म्हनून नाई इचारलं कधी.”

वहीत त्या बटणापुढे त्यांनी लिहिलं: पाठक काकांचं. त्यांनी दिलं. ती अकरा पानं मी दुरुस्त केली. त्यातही माझा वेग वाढला, हे खरं आहे.

खरी अडचण त्यानंतरची. परीक्षा केंद्रावर बाहेरची फाईल घालू देत नाहीत, परवानगी लागते. सरांनी परीक्षा कार्यालयाला अर्ज केला. अर्जाला वहीतल्या अकरा बटणांची यादी जोडली आणि प्रत्येकापुढे लिहिलं, ‘कोणाशीही टक्कर होत नाही.’ सरांची अशी समजूत होती की आपण कोणालाही उठवत नाही हे एकदा नीट दाखवून दिलं की कोणी नाही म्हणू शकत नाही. उत्तर आलं नाही. स्मरणपत्र पाठवलं. आणखी एक पाठवलं. सर टपालवाल्याला जिन्यावरच गाठत. फोन लावत, आणि पलीकडून काय बोलतात ते त्यांच्या बोटांवरून मला कळत असे. बोटं अर्ध्यात थांबत.

परीक्षेच्या दिवसापर्यंत पत्र आलं नाही. मी साध्या कीबोर्डवर, हात पळवत, सतरा शब्द काढले. नापास. सर केंद्राच्या फाटकाबाहेर उभे होते. नाही, फिरत होते. मला पाहून काही विचारलं नाही. शिपायाला विचारलं, “पत्र-बित्र काही आलं का हो आत?” शिपाई म्हणाला, कसलं पत्र?

त्यानंतर दोन महिन्यांत संस्था बंद झाली. मुलं कमी झाली होती, मालकाने जागा मोबाईलवाल्याला दिली. सर आणि काकू बुलडाण्याकडच्या धाड गावाला निघाले, सरांच्या धाकट्या भावाकडे. तिथे थोडी शेती आहे. जाताना सरांनी मला चार नंबरचा कीबोर्ड दिला आणि फाईल असलेला पेनड्राइव्ह, दोऱ्यात ओवलेला. वही त्यांनी स्वतःकडे ठेवली.

“तीन अर्ज केले,” ते बसस्टँडवर म्हणाले. “टाइप केलेले. एकबी चूक नव्हती.” एवढंच.

बुलडाण्याची गाडी लागली. काकूंना जागा मिळाली. त्यांच्या शेजारच्या सीटवर रुमाल होता. सर उभे राहिले, नेहमीसारखे. मी खाली खिडकीजवळ होते. मग सरांनी गाडीभर ऐकू जाईल असं विचारलं, “हा रुमाल कोनाचा हाय हो? मी बसू का?”

मागून एक बाई म्हणाली, “बसा ना बाबा. माह्या पोराचा हाय, तो मांडीवर बसन माह्या.”

सर बसले. मी त्यांना बसलेलं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. गाडी निघाली.

पत्र तीन महिन्यांनी आलं. संस्थेच्या पत्त्यावर आलं, आणि संस्था नव्हती, म्हणून खालच्या बियाण्याच्या दुकानदाराने ते काट्याच्या पारड्यात ठेवून दिलं. मी सहज डोकावले तेव्हा त्याने दिलं. उमेदवारास स्वतःची कीबोर्ड फाईल वापरण्यास परवानगी देण्यात येत आहे. खाली सरांची यादी जोडलेली होती, अकरा बटणांची, शिक्का मारलेली.

मी सरांना फोन लावला. नंबर बंद झालेला. धाडला जावं असं रोज मनात येई आणि रोज वाटे, काय सांगायला जायचं? परवानगी आली म्हणून? आणि परत नापास झाले तर? कॉलेजच्या लॅबमध्ये एका कोपऱ्यात बसून मी सराव करत राहिले. अंगठा दुखायचा, सर म्हणाले होते तसा. रात्री झोपेत माझी बोटं हलतात असं आई म्हणाली.

परीक्षा झाली. एकतीस शब्द.

निकाल हातात आला त्या आठवड्यात पाठक काकांनी धाडचा पत्ता शोधून दिला. त्यांच्या जुन्या टपाल खात्यातल्या ओळखीने. मी बाजाराच्या दिवशी गेले. गर्दीत शोधावं लागलं नाही. सगळे विकणारे खाली बसले होते आणि एकच माणूस कांद्याच्या पोत्यामागे उभा होता, पांढरे कॅनव्हासचे बूट घालून. भाव सांगता सांगता मध्येच थांबला.

“चार नंबर दुपार?”

मी एका दमात सगळं सांगितलं. पत्र आलं होतं, तुम्ही गेल्यावर आलं, परवानगी दिली, तुमची यादी शिक्का मारून परत पाठवली, मी पुन्हा बसले, एकतीस आले, पास झाले. गिऱ्हाईक “कांदे द्या ना बाबा” म्हणत होतं.

सरांनी आधी एकच विचारलं. “तिथं कोनाशी टक्कर नाई ना झाली?”

“नाही सर. कोणाशीच नाही.”

त्यांनी मान हलवली. गिऱ्हाइकाकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मग त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा थोडा बाहेर निघाला, आल्टवर जातो तसा, आणि बोटं पँटच्या शिवणीवर चालू लागली. माझीच वाक्यं ती लिहीत होती. पत्र आलं होतं, तुम्ही गेल्यावर आलं, परवानगी दिली. डावा हात कांद्याच्या पोत्यावर पडलेला होता. त्याचं एकही बोट हललं नाही.